निवृत्तीनंतर अडकून बसण्याची मजा: कॉम्प्युटरवरचे ॲडव्हेंचर गेम कोण कोण खेळतं?

निवांत६१
४ जून, सकाळी ६:५२

मंडळी,

गेल्या वर्षी मार्चअखेर सेवानिवृत्त झालो. छत्तीस वर्षं विमा कंपनीत, त्यातली बरीचशी मरीन क्लेम्सच्या टेबलावर. म्हणजे बोटीत भिजलेली साखर, गंज चढलेल्या पोलादाच्या कॉइल्स आणि 'उतरवून घेताना चाळीस पोती कमी भरली' अशी पत्रं. घरी बसल्यावर पहिले दोन महिने सगळे करतात तेच केलं. बँकांमधली नॉमिनेशनं तपासली, सोसायटीच्या टाकीवरून एक भांडण केलं, माळा आवरला.

माळ्यावर चिरंजीवांच्या खोक्यात 'मिस्ट' या गेमची सीडी निघाली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, वर स्केचपेनने नाव लिहिलेलं, त्यावरून काय ते समजा. शाळेत असताना तो रात्री दार लोटून हे खेळायचा आणि मी बाहेरून 'झोप आता' एवढंच म्हणायचो. आत काय चाललंय ते कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, आता बघू. तर लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही! मुलाला फोन केला. तो आधी पोटभर हसला, मग गॉग नावाच्या साइटवरून त्याने तोच गेम रीतसर विकत घेऊन दिला. (उशिरा का होईना, बनवणाऱ्या भावांचा हिशेब चुकता झाला.)

हे भाऊ म्हणजे रँड आणि रॉबिन मिलर. १९९३ साली मॅकिंटॉशवर, हायपरकार्ड नावाची प्रणाली वापरून, एकेक स्थिर चित्र पुढच्याला जोडत त्यांनी हे बेट उभं केलं. साठ लाखांवर प्रती खपल्या आणि २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत पीसीवर सर्वांत जास्त खपलेला गेम हाच होता. तुम्ही त्या बेटावर एकटेच. एक वाचनालय आहे, तारांगण आहे, धक्क्याला बुडालेलं जहाज आहे, एका टोकाला चक्क रॉकेट उभं आहे. काय करायचं ते कोणी सांगत नाही. बंदूक नाही, शत्रू नाही, घड्याळ मागे लागत नाही, मरण नाही. दिसेल ते वहीत टिपायचं आणि इथल्या टिपणाचा तिथल्या यंत्राशी मेळ घालायचा. थोडक्यात, सर्व्हे रिपोर्ट.

रॉकेटपाशी मी नऊ दिवस अडकलो. आत एक ऑर्गन आहे आणि दुसऱ्या बाजूला पाच सरकत्या दांड्या. ऑर्गनवर ऐकलेला सूर दांडी सरकवून जुळवायचा, असे पाच. मला सा आणि प यांतला फरक कळत नाही, त्यात उजव्या कानाला यंत्र. दहाव्या दिवशी आमची ही भाजी निवडत होती, तिथूनच म्हणाली, "अहो, किती वेळ तो उतरलेला लावताय? थोडा वर घ्या." उठली, हात पुसले, पलंगाखालची पेटी काढली आणि अर्ध्या तासात पाचही सूर जागेवर बसवले. तेव्हापासून माउस माझ्याकडे, कान तिच्याकडे.

आता मुद्दा. नोकरीत अडकलेली फाइल म्हणजे छातीवर धोंडा. साहेब विचारणार, एजंट चकरा मारणार, मार्चएंड येणार. इथे अडकलं तर अडकलं. नऊ दिवस तलावपाळीला फेऱ्या मारताना डोक्यात ते रॉकेट घेऊन हिंडत होतो आणि कुणालाही उत्तर द्यायचं नव्हतं. असं बिनघोर अडकणं मला साठाव्या वर्षापर्यंत कधी मिळालं नव्हतं.

सध्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'वर आहे. त्यावर वेगळं लिहीन, कारण तो माझ्याच धंद्यातला आहे. इथे आणखी कोणी असे गेम खेळतं का? काय खेळता? बोटं भराभर चालवावी लागणारे कृपया सुचवू नका.

—

कुंपणावरचा
४ जून, सकाळी ७:३०

पहिला! निवांतकाका, पेटीवाला किस्सा वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट). वाचनखूण साठवली आहे, बाबांना दाखवतो. ते सध्या टीव्हीवरच्या चर्चांशी भांडतात.

—

सडेतोड
४ जून, सकाळी १०:१५

ज्याचं त्याने ठरवावं, मान्य. पण नातवाच्या हातातला मोबाइल काढून घ्यायचा आणि आपण लॅपटॉप उघडून बेटावर जायचं, यात काही विनोदी वाटत नाही का? तेवढ्या वेळात ज्ञानेश्वरीच्या शंभर ओव्या होतात. शिवाय विमा कंपनीतून सुटून परत विम्याचाच गेम? बैल सुटला तरी घाण्याभोवतीच!

—

निवांत६१
४ जून, दुपारी ४:४०

सडेतोड, ओव्या पहाटे, गेम चारच्या चहानंतर. अडकतो दोन्हींत. ज्ञानेश्वरीत जास्त.

घाण्याचं म्हणाल तर ऐकाच. १८०२ साली ओब्रा डिन हे जहाज लंडनहून दोनशे टनांवर माल घेऊन पूर्वेकडे निघतं आणि केप ऑफ गुड होपला पोचतच नाही. १८०७ मध्ये ते एकदम इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात वाहत येतं. माणूस एकही नाही. आणि तुम्ही कोण? ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक! हातात साठ जणांची नावं असलेला मस्टर रोल, सगळ्यांची मिळून दोन-तीन रेखाचित्रं, आणि एक अघोरी घड्याळ. सांगाड्यापाशी ते उघडलं की आधी काळोखात शेवटचे काही शब्द ऐकू येतात, मग मरणाचा तो क्षण गोठून समोर उभा राहतो. त्यात फिरायचं आणि ठरवायचं: हा कोण, कशाने गेला, कोणी मारलं.

लुकास पोप नावाच्या माणसाने हे २०१८ मध्ये बाहेर काढलं, जवळजवळ सगळं काम एकट्याने. चित्रं जुन्या मॅकिंटॉशसारखी, फक्त दोन रंगांच्या ठिपक्यांची. सर्वांत डोकेबाज गोष्ट अशी की तुमचं उत्तर बरोबर की चूक हे तो लगेच सांगत नाही. तीन जणांचं सगळं बरोबर जमलं की मगच ती तीन नावं पक्की होतात. म्हणजे अंदाजपंचे ठोकून भागत नाही. माझ्या खात्यात ही पद्धत असती तर अर्धे सर्व्हेअर घरी बसले असते. खलाशांत आपल्याकडचे लोकही आहेत आणि त्यांना ओळखताना मला उगाच जास्त जबाबदारी वाटली.

एक तक्रार: पहिल्या दिवशी अर्ध्या तासात गरगरायला लागलं. 'मिस्ट'मध्ये चित्रामागून चित्र येतं, इथे सगळं आपल्याबरोबर फिरतं. आता वीस मिनिटांनी उठतो.

—

जुना_टर्मिनल
४ जून, रात्री ९:०५

वा! धागा काढल्याबद्दल धन्स. माझी सुरुवात चित्रं यायच्या आधीची. १९८४, आमच्या संस्थेचं संगणक केंद्र, हिरव्या अक्षरांचा टर्मिनल, रात्रपाळीच्या ऑपरेटरला चहा पाजून मिळवलेला एक तास. गेमचं नाव नुसतं 'ॲडव्हेंचर'. यंत्र मजकूर दाखवणार, आपण दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा: 'जा उत्तरेला', 'घे दिवा'. दिव्याची बॅटरी संपायची आणि आम्ही अंधारात खड्ड्यात.

त्यामागची गोष्ट पुष्कळ वर्षांनी कळली. विल क्राउथर हा प्रोग्रॅमर गुहांत उतरण्याचा नादी. केंटकीतल्या मॅमथ केव्हचे नकाशे करायला हातभार लावलेला. घटस्फोट झाला, मुली दुरावल्या. त्या आल्या की त्यांना खेळायला म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने ती गुहा फोरट्रान या संगणकभाषेत लिहिली. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात जादू, खजिना वगैरे भर घातली. आज या सगळ्या जातीला ॲडव्हेंचर म्हणतात ते त्या एका गेमच्या नावावरून.

आता निवृत्तांच्या कामाची गोष्ट. हाच गेम कॅलिफोर्नियातल्या रॉबर्टा विल्यम्स या गृहिणीने घरी खेळला आणि तिला वेड लागलं. तिने आणि नवऱ्याने १९८० मध्ये ॲपल टू या संगणकावर 'मिस्टरी हाउस' केला, ॲडव्हेंचरमध्ये चित्रं आणणारा पहिला. पुढे त्यांची सिएरा कंपनी, १९८४ चा 'किंग्ज क्वेस्ट', सगळा इतिहास. मग कंपनी विकून दोघं निवृत्त झाले, बोट घेऊन जगभर हिंडले. आणि २०२३ मध्ये, बाई सत्तरीला टेकल्या असताना, परत येऊन त्यांनी काय बनवलं? तीच केंटकीची गुहा, आता त्रिमितीत! सडेतोड, घाण्याभोवतीच फिरणारे बैल तिकडेही आहेत.

मात्र नव्यांनी जुन्या सिएराच्या वाटेला जाऊ नये. पावलोपावली मरण, आणि पहिल्या खोलीत उचलायची राहिलेली वस्तू शेवटच्या खोलीत लागणार. सेव्ह केलेलं सगळं पाण्यात. त्यावर वैतागूनच रॉन गिल्बर्टने लुकासफिल्मला असताना ठरवलं की आपल्या गेममध्ये खेळणाऱ्याला उगाच मारायचं नाही. त्याचा १९९० चा 'मंकी आयलंड' घ्या. त्यात तलवारबाजी टोमण्यांनी जिंकायची असते. समोरच्याने खोचक बोलायचं, आपण चोख परतवायचं. सदाशिव पेठेत वाढलेल्यांना सराव लागणार नाही.

—

मोडी_वाचक
५ जून, सकाळी ११:२०

मी बासष्ट वर्षांची, शाळेत मराठी शिकवत होते, आता मोडी कागद वाचते. गेममधलं मला काही कळत नाही, पण भाचीने एक लावून दिला आणि महिनाभर झोप उडाली. 'चांट्स ऑफ सेनार'. २०२३ चा, फ्रान्समधल्या छोट्या मंडळींनी केलेला. एक भला मोठा बुरूज आहे, बायबलमधल्या बाबेलसारखा. प्रत्येक थरावर वेगळे लोक, वेगळी लिपी, आणि कोणाला कोणाचं कळत नाही. आपण खालून वर जायचं, लोकांचे हावभाव आणि भिंतीवरच्या पाट्या बघून चिन्हांचे अर्थ लावायचे.

सुरुवातीला एक खटका आहे, दार आहे आणि काही चिन्हं आहेत. दार उघडताना-मिटताना कुठलं चिन्ह काय म्हणत असेल, इथपासून सगळं. आपला अंदाज चिन्हाखाली टाइप करून ठेवता येतो. पुढे वहीत चित्रं उमटतात, त्यांच्याशी चिन्हं जुळवायची. पानावरची सगळी जुळली तरच अर्थ पक्का. हे अगदी मोडीसारखं हो! लेखणी न उचलता लिहिलेली ओळ, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. पण 'मौजे' सापडलं की पुढे गावाचं नाव असणार, 'परगणे' सापडलं की त्याच्या आसपास काय असेल ते ओळखू येतं. एक शब्द सुटला की शेजारचे तीन सुटतात.

खालच्या थरावरचे लोक अनेकवचन कसं करतात माहितेय? चिन्ह दोनदा काढून. 'माणूस माणूस' म्हणजे माणसं. मी ते ओळखलं तेव्हा घरात एकटीच टाळ्या पिटत होते. आपण घरोघर, दारोदार म्हणतो त्याचीच ही चुलत बहीण. वरच्या एका थरावर वाक्यातला शब्दक्रमच उलटा आहे. व्याकरण शिकवून तोंडाला फेस आलेल्या माझ्यासारखीला यापेक्षा मोठं सुख नाही.

एक सावधान: मधेमधे पहारेकऱ्यांची नजर चुकवून पळायचं असतं. ते मी भाचीला करायला लावलं. त्यात कसली लाज?

—

फिटर_शिरोली
५ जून, रात्री ८:४८

नमस्कार मंडळी. आम्ही शिरोली एमआयडीसीत फिटर हुतो, चार वर्सं झाली रिटायर होऊन. इंग्लिश आमचं बेताचंच. म्हणून पोरानं 'द रूम' लावून दिला टॅबवर. इंग्लंडच्या पोरांनी २०१२ साली केलाय. लई भारी बघा. एक पेटी असतीया टेबलावर. तिला किल्ली लावली की कप्पा, कप्प्यात फिरकी, फिरकी फिरवली की बाजूची पट्टी सरकती, त्यात आणि एक कुलूप. वाचायचं थोडंच, चिठ्ठ्याबिठ्ठ्या. नाय वाचल्या तरी हात सांगतोय पुढं काय ते. आणि आवाज! दाता दात्यात बसला की जो खट्ट आवाज येतोय तो खरा आवाज हाय. चाळीस वर्सं मशीनपाशी काढलेल्या मानसाला फसवता येत न्हाई.

मंडळीनं पयल्यांदा बघितलं तर म्हणाली, घरातला मिक्सर तीन महिनं झाला बंद हाय, तो उघडा की. मग तो पन उघडला.

—

कुंपणावरचा
५ जून, रात्री ९:१०

फिटरकाका, __/\__. मिक्सरसाठी तुम्हाला पूर्ण गुण.

—

फिटर_शिरोली
५ जून, रात्री ९:२६

मिक्सर अजून चालू झाला न्हाई.

—

सुधा_पश्चिमेची
६ जून, सकाळी ९:५५

मी कॅलिफोर्नियात, धाकटी बहीण सांगलीत. दोघी निवृत्त, दोघींचे मालक क्रिकेटमध्ये. शनिवारी माझ्याकडे रात्रीचे साडेआठ झाले की तिच्याकडे रविवार सकाळचे नऊ. व्हिडिओ कॉलवर मी स्क्रीन दाखवते, ती कांदेपोहे खात हुकूम सोडते, "ताई, ते गटाराचं झाकण उघडून बघ की." आम्ही 'ब्रोकन स्वोर्ड' खेळतो, १९९६ चा. पॅरिसच्या कॅफेत विदूषकाच्या वेषातला माणूस बॉम्ब ठेवून पळतो आणि तिथून टेम्पलर सरदारांच्या गुपितापर्यंत जातं सगळं. चित्रं हाताने काढलेली, जुन्या कार्टूनसारखी, डोळ्यांना त्रास नाही.

आयर्लंडमध्ये एक बोकड आहे. त्याने आमचे तीन शनिवार खाल्ले. तोपर्यंत गेम कधीच घाई करायला लावत नाही, आणि इथे एकदम पटकन काहीतरी करायचं असतं, ते डोक्यातच येत नाही. नंतर कळलं की हा बोकड जगप्रसिद्ध आहे, हजारो लोकांना त्याने शिंगावर घेतलंय. बहिणीने त्याला आमच्या एका आत्याचं नाव ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही, आत्या हयात आहेत.

पंचवीस वर्षं आमच्या फोनवरच्या गप्पा म्हणजे कोणाचं काय दुखतं आणि कोणाचं लग्न ठरलं. आता फोन वाजला की पहिलं वाक्य, "ताई, मला वाटतं ती किल्ली साबणात दाबायची असेल!"

—

डॉ_दोन_गोळ्या
६ जून, दुपारी १:३०

धागा छान चाललाय, म्हणून थोडं विरजण घालतो. "यामुळे विस्मरण टळतं का हो?" असं कोणीतरी विचारणारच, त्याआधीच सांगतो: त्या आशेवर पैसे घालू नका. मेंदू तल्लख करण्याच्या जाहिराती करणाऱ्या एका अमेरिकन ॲपवाल्यांना, दाव्यांना पुरेसा आधार नव्हता म्हणून, २०१६ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाला वीस लाख डॉलर द्यावे लागले. गेम खेळल्याने गेम चांगला खेळता येतो, एवढं नक्की. किराणा मालाची यादी आठवेलच असं नाही.

बाकी, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. लॅपटॉप चार जाडजूड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि बाहेरचा माउस जोडा. फ्रोझन शोल्डरवाल्यांनी माउस मांडीजवळ, कोपर टेकलेलं. निवांतराव, गरगरणं कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचं आणि डोळ्यांचं भांडण आहे. खोलीत भरपूर उजेड ठेवा, पडदा थोडा लांब घ्या, आणि मळमळायच्या आधी उठा, नंतर नको.

—

पावकी_निमकी
६ जून, सायंकाळी ६:१२

डॉक्टरांच्या मुद्द्याला माझी पुरवणी, डोळ्यांचीच. मी गणिताचा मास्तर. 'मिस्ट'चा पुढचा भाग 'रिव्हन', १९९७ चा, पाच सीड्यांवर आलेला. त्यात एका ठिकाणी रंगीत गोट्या नेमक्या जागी ठेवायच्या असतात. मी दोन महिने झगडलो. निळा कुठला आणि जांभळा कुठला, दोन्ही मला मातकटच दिसत होते. कोडं कठीण आहे असं समजून वहीची चाळीस पानं भरली. मग फेब्रुवारीत मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर घरी आलो, गेम उघडला, आणि अहो, निळा म्हणजे काय निळा! पिकलेलं भिंग निळा रंग अडवून धरतं म्हणे. कोडं मिनिटात सुटलं. चाळीस पानं फुकट.

पण 'रिव्हन' मी सोडणार नाही, कारण त्यातली अंकपद्धती. तिथल्या मुलांच्या शाळेत एक खेळणं आहे. एका बाहुल्याला दोरीने खाली सोडतात आणि पाण्यात त्याची वाट बघणारा मासा आ वासून आहे (त्या लोकांच्या बालशिक्षणाबद्दल बोलायला नको). जितकी घरं तो उतरतो त्यावरून अंक शिकायचे. हळूहळू कळतं की एक ते चारची चिन्हं आहेत, तीच आडवी फिरवली की पाच, दहा, पंधरा, वीस. दोन एकत्र काढली की मधले आकडे. म्हणजे पाया पंचविसाचा! पस्तीस वर्षं मुलांना दशमान शिकवलं, आणि पासष्टाव्या वर्षी कोणीतरी मला पहिलीच्या बाकावर बसवून नवे अंक गिरवायला लावले. पावकी-निमकी पाठ करताना असाच बसायचो, फक्त तेव्हा छडी होती.

—

सर्वज्ञ_२
७ जून, रात्री १२:४०

ओब्रा डिन काय अवघड नाही हो. मी तीन दिवसांत उडवला. फक्त एक करा,

[संपादक मंडळ: या प्रतिसादातील तीन ओळी काढल्या आहेत. कोड्यांची उत्तरं उघड लिहू नयेत, ही विनंती.]

—

निवांत६१
७ जून, सकाळी ६:३०

काढल्या, पण त्याआधी मी वाचल्या. पहाटे पाचला उठतो त्याची शिक्षा.

साठपैकी एकोणचाळीस झाले होते. राहिलेल्यांतले निदान सहा-सात त्या तीन ओळींनी आता उघड झाले. सर्वज्ञराव, तुमचा हेतू वाईट नसेल, पण ताटातली पुरणपोळी चावून दिल्यासारखं झालं. एकदा कळलेलं विसरता येत नाही, आणि या गेमचं तर सगळं भांडवल तेच: एकदा सुटला की पुन्हा पहिल्यासारखा खेळता येत नाही.

हिला मी सांगितलेलं नाही. ती अजून शोधतेय.

—

जुना_टर्मिनल
७ जून, सकाळी ९:००

यावर जुन्या लोकांनी उत्तम तोड काढली होती. 'झॉर्क' हा नुसत्या मजकुराचा गेम काढणाऱ्या इन्फोकॉम कंपनीची सूचनापुस्तकं अदृश्य शाईत छापलेली असत. बरोबर एक खास पेन. त्याने घासलं की एकच ओळ उमटायची, आणि पहिली ओळ नेहमी अगदी पुसट इशाऱ्याची. जितकी लाज सोडाल तितकं दिसणार. पुढे १९८८ पासून युनिव्हर्सल हिंट सिस्टिम तेच कॉम्प्युटरवर करते: आधी 'तळघर नीट पाहिलं का?', मग 'पिंपामागे पाहिलं का?', आणि शेवटी उत्तर. अडकलेल्याने तिथे जावं. सरळ उत्तराचे व्हिडिओ उघडू नयेत, त्यातला माणूस आपल्याआधीच सगळं करत सुटतो.

पण काही कोडी अशीही असतात की उत्तर बघितलंच पाहिजे. 'गॅब्रिएल नाइट'च्या तिसऱ्या भागात, १९९९, एका माणसाचं सोंग घ्यायला मांजराचे केस मेपल सिरपने चिकटवून मिशी करायची आहे. आणि त्या माणसाला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला आधी पेनने मिशी काढायची. यावर नऊ दिवस तलावपाळी फिरून काय होणार?

—

बिनचूक_बग
७ जून, रात्री ११:१५

मी पुण्यात गेम बनवण्याच्याच क्षेत्रात आहे, पस्तिशीतली, पण धागा सोडवेना. फिटरकाका, तुमच्यासाठी 'मशिनेरियम'. २००९, चेक देशातली अमानिता डिझाइन. भंगारातला छोटा रोबो, गंजलेलं शहर, आणि संवादाचा एक शब्दही नाही. पात्रांच्या डोक्यावर ढग येतो, त्यात चित्र. तुम्हाला त्यातली यंत्रं आवडतील. अडकलात तर उत्तरांची वही गेममध्येच आहे, पण तिला कुलूप आहे आणि ते उघडायला आधी एक लहानसा कंटाळवाणा खेळ जिंकावा लागतो. म्हणजे माणूस म्हणतो, जाऊ दे, आपणच विचार करू.

आपल्याकडचं काय, असं कोणी विचारायच्या आत: पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. राजस्थानी वाडे, कठपुतळ्यांसारखी चित्रकथा, दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत गोष्ट सांगतात. बघायला फार देखणा, पण त्यात उड्या आणि मारामारी भरपूर आहे, बोटं लागतात. नातवाला खेळायला बसवून तुम्ही शेजारी बसा.

लॅपटॉप जुना असेल तर स्कम-व्हीएम उतरवून घ्या, फुकट आहे. जुने शेकडो ॲडव्हेंचर त्यात चालतात, अगदी फोनवरही. 'ब्रोकन स्वोर्ड' करणाऱ्यांचाच १९९४ चा 'बिनीथ अ स्टील स्काय' त्यांनी २००३ पासून मोफत करून टाकलाय, सुरुवात त्याने करा. आणि प्लीज, सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा. आम्ही गेमवाले पंचविशीच्या डोळ्यांनी अक्षरांचा आकार ठरवतो. चूक आमची आहे.

—

सडेतोड
८ जून, सकाळी १०:०५

बिनचूक ताई, ते स्कम की काय ते उतरवलं. गेम सुरू झाला. तो माणूस पत्र्याच्या कट्ट्यावर उभा आहे आणि खाली जातच नाही. (फक्त विचारतोय.)

—

बिनचूक_बग
८ जून, सकाळी १०:२२

आजूबाजूला सुटं होईल असं काही आहे का, ते बघा. यापेक्षा जास्त सांगणार नाही.

—

निवांत६१
१२ जून, सायंकाळी ५:५०

साठपैकी साठ. काल रात्री क्लेम फाइल बंद केली.

(पुढचा परिच्छेद ज्यांना खेळायचा आहे त्यांनी गाळावा.) शेवटी कंपनीचा हिशेब येतो: कोणाच्या वारसांना भरपाई, कोणाच्या इस्टेटीवर दंड. माझे आक्षेप असे. खलाशाने बोटीवर गुन्हा केला म्हणून त्याच्या मागे राहिलेल्यांकडून वसुली, ही कुठली पद्धत? आणि दोनशे टनांवरच्या मालाचं काय झालं याची मला जी उत्सुकता होती, ती तशीच राहिली. मालाची यादी मागवल्याशिवाय मी या रिपोर्टवर सही केली नसती.

आता हिचं. ते तीन ओळींतलं गुपित मी पाच दिवस पोटात ठेवलं. ती रोज चहानंतर बसायची, मला म्हणायची तिकडे न्या, इकडे न्या, मागच्या प्रसंगात परत चला. मी नेत होतो. ती त्या जागेवरून तीनदा गेली आणि मी तीनदा खिडकीबाहेर बघितलं. काल दुपारी एकदम म्हणाली, "थांबा. मागे घ्या. हे इथे लिहिलंय ते काय आहे?" आणि मस्टर रोल पुढ्यात ओढून एकामागून एक नावं लावत सुटली. मी मोठ्याने "अरे वा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!" म्हटलं.

तिने नाव लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलं, "रविवारपासून ठाऊक आहे तुम्हाला. तिथे आलं की तुमचा माउस जरा जास्तच लवकर पुढे जातो."